अल्टर मिळणार नाही

सोफ्यावर डाग पडला की त्या घरात एकच नाव निघायचं, आणि त्या नावाची मालकीण होती साडेतीन वर्षांची.

"मुंगे!" सासूबाईंनी अशी हाक मारली की जिन्यातून चढणारा माणूस दोन पायऱ्या खाली उतरावा. "परत? अगं, एवढी घोडी झालीस!"

मुंगी खिडकीशी बाहुलीचा हात उपटण्यात गुंतली होती. तिनं वळून पाहिलं. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, फिक्या कव्हरवर, बशीएवढा ओला डाग पसरला होता. सगळ्या घराने आधी डागाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"मी नाही केली," मुंगी म्हणाली.

"आता खोटंही बोलायला लागली," आत्या म्हणाली. ही मुंगीच्या बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याला घेऊन दर रविवारी माहेरी यायची आणि यायची ती उपदेशाची पिशवी भरूनच. "वहिनी, रागावू नकोस हं, पण लाड जरा कमी कर. आमचा दीड वर्षाचा असल्यापासून सांगतो."

सासरेबुवा दाराशी उभे होते. जावयाला निरोप द्यायला म्हणून नुकतेच सोफ्यावरून उठलेले. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, कारण चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले होते. घडी घातलेलं वर्तमानपत्र पोटाखाली धरून ते शांतपणे म्हणाले, "असू दे. लहान आहे."

काय ते औदार्य! आत्याचे डोळे पाणावले. "बाबांना नातीचं भारी कौतुक," ती नवऱ्याला म्हणाली. तोवर सासूबाई मुंगीला दंडाला धरून मोरीकडे घेऊन गेल्या होत्या आणि तिच्यावर धबाधबा पाणी ओतत होत्या. चड्डी ओली होती की कोरडी, हे बघायला काही उरलंच नाही. मुंगीची आई गुडघ्यांवर बसून सोफा घासत राहिली. आपलंच काहीतरी चुकतंय, हे तिला पटत चाललं होतं. काळजी करायला तिला निमित्त लागत नसे. इथे तर अख्खं कुटुंब ते आयतं हातात देत होतं.

मास्तरांबद्दल थोडं सांगायला हवं. बाजारात त्यांचं दुकान होतं आणि दुकानावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "नवीन शिवून मिळेल. अल्टर मिळणार नाही." दुसऱ्याने शिवलेला कोट ढिला झाला, घट्ट झाला, म्हणून कोणी घेऊन आलं तर मास्तर पाटीकडे बोट दाखवायचे. स्वतः शिवलेला परत यायचाच नाही. अल्टर म्हणजे माप चुकल्याची कबुली, असं त्यांचं म्हणणं. कारागिराने मरावं पण अल्टर करू नये, हे ते इतक्या वेळा म्हणाले होते की सासूबाई वाक्याचा शेवट त्यांच्या आधी म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. पण जाताना ती गाठ जरा हिशेब मागे ठेवून गेली. खोकलं की, शिंकलं की, खुर्चीतून उठलं की लघवी सुटायची. या गोष्टीला घरात नाव नव्हतं. तिला "ते" म्हणत. "यांचं ते कसं आहे?" "बाबांचं ते कमी आहे का?" पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून यायचे आणि काळ्या पिशवीतच जायचे. दुकान विकलं, तेव्हा लोकांना सांगितलं की डोळे दुखतात. आणि तीन महिन्यांपूर्वी एका सर्जनने लघवीच्या नळीखाली एक छोटी उशी बसवली, नळीला खालून आधार देणारी, तेव्हा सगळ्या नातलगांत कळवलं की मास्तरांचा हर्निया काढला. आत्यालाही हर्नियाच सांगितला. मुलगी असली म्हणून काय झालं, शेवटी ती परक्या घरची.

घरी आल्यावर मास्तरांनी उरलेले पॅड स्वतः उचलून कचऱ्यात टाकले. "झालं," ते म्हणाले, "मोकळा झालो."

मोकळे झाले हे खरंच. तेव्हापासूनच मुंगी ओलं करायला लागली.

मुंगीची पाण्याची बाटली बालवाडीतून भरलेलीच परत यायला लागली. गोष्टीच्या तासाला ती खाली बसत नाही, भिंतीला टेकून उभी राहते, असं बाई म्हणाल्या. घरात सोफ्याजवळून जाताना ती वळसा घालायची, जणू तिथे कोणी चावणारं बसलंय. मुलांच्या डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं आणि विचारलं, "ही लघवी धरून ठेवते. पाणी पीत नाही. असंच चाललं तर इन्फेक्शन होईल. घरी कोणी रागावतं का तिला?"

मुंगीच्या आईला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

"डॉक्टर लोक काहीही बोलतात," रात्री जेवताना नवरा म्हणाला. "तू फार विचार करतेस बुवा."

त्या घरात विचार करायचं काम तिच्याकडेच सोपवलेलं होतं. इतरांना वेळ नव्हता.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर कसलासा विनोदी कार्यक्रम चालू होता. मास्तर सोफ्यावर, सासूबाई खुर्चीत, आणि मुंगीची आई जमिनीवर, मांडीत मुंगी. बऱ्याच वेळापासून मुंगी तिथेच होती, आईच्या ओढणीचं टोक चघळत. टीव्हीवर कोणीतरी केळीच्या सालीवरून घसरलं. मास्तर खो खो हसले, हसता हसता ठसका लागला, ठसक्यात उठले आणि पाणी प्यायला आत गेले. सासूबाईंचं लक्ष सोफ्याकडे गेलं.

"मुंगे!"

मुंगी आईच्या मांडीत आक्रसली. आईचा हात आपोआप तिच्या फ्रॉकखाली गेला. कोरडी. खडखडीत कोरडी. मांडीतून ती हललीसुद्धा नव्हती. आई तोंड उघडणार, इतक्यात मुंगीने मान वर केली आणि हळूच विचारलं,

"आई, मी केली का?"

"मी नाही केली" म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. आता ती विचारत होती.

मास्तर आतून आले. काळी पँट, पोटाखाली वर्तमानपत्र. तीन महिने ते घरात काळीच पँट घालत होते, आणि आजवर मुंगीच्या आईला त्यात फक्त टापटीप दिसली होती! त्यांनी डाग पाहिला. मुंगीला आईच्या मांडीत पाहिलं. सुनेच्या डोळ्यांत पाहिलं आणि ताबडतोब टीव्हीकडे पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "लहान आहे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. नर्स होती. "तुमचे पेशंट फिलिंगला आलेच नाहीत."

"फिलिंग? दाताचं?"

"अहो, दाताचं कसलं! इम्प्लांटचं." नर्सला हे रोजचंच असावं, ती न अडखळता सांगत गेली. उशी पहिल्या दिवशी पूर्ण फुगवत नाहीत, नाहीतर लघवीच अडायची. जखम भरली की पेशंटला बोलवायचं, आणि कातडीखाली बटणाएवढी एक जागा ठेवलेली असते, तिथून बारीक सुईने सलाईन भरायचं. थोडं भरायचं, बघायचं, पुढच्या खेपेला आणखी थोडं. जास्त झालं तर काढायचं. "सगळ्यांनाच दोन-तीनदा यावं लागतं. सांगितलं होतं त्यांना. त्यांच्या मिसेसना पण."

मिसेस स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या.

"माहीत आहे ग मला," सासूबाई म्हणाल्या. आवाजात एवढीशीही चलबिचल नाही. "पण पुरुषमाणूस आहे. त्यांच्या मनाला किती लागेल? आणि मुंगीचं काय, लहान आहे, विसरून जाईल."

"आणि ती आजारी पडली तर?"

"काहीतरीच तुझं!"

नवऱ्याने बूट चढवता चढवता ऐकून घेतलं. "बाबांना मी कसं सांगू?"

"तू त्यांचा मुलगा आहेस."

"म्हणूनच तर," असं म्हणून तो ऑफिसला गेला. एरवी त्याला बुटाची नाडी बांधायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात त्या दिवशी बांधून झाली.

वाहवा, मुंगीच्या आईला वाटलं. तीन मोठी माणसं, आणि तिघांची अब्रू झाकायला कापड किती, तर साडेतीन वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकएवढं.

त्याच आठवड्यात टेलर संघटनेने मास्तरांचा सत्कार ठरवला. मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मी नातीला मांडीवर घेऊन बसणार स्टेजवर. शेवटपर्यंत."

आत्या फोनवरच हुंदका देऊन म्हणाली, "किती गोड!" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरा म्हणाला, फोटो छान येतील. मुंगीच्या आईला मात्र स्पष्ट दिसलं की आजोबांना नात नको होती, छत्री हवी होती. शेकडो लोकांसमोर उठताना काही झालंच, तर सांगायला.

त्यांच्या खोलीत ती गेली तेव्हा मास्तर खिडकीखालच्या मशिनीपाशी बसून सत्काराला घालायच्या स्वतःच्या कोटाला पांढऱ्या दोऱ्याने टाके घालत होते.

"बाबा, मुंगी मांडीवर बसणार नाही."

"का ग? लाजते का?"

"लाजत नाही. ओली होईल."

सुई थांबली.

"दार लाव."

"उघडंच बरं आहे. दवाखान्यातून फोन होता. तुम्ही फिलिंगला गेला नाहीत."

"नाही गेलो. जाणारही नाही." मास्तरांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांत माझ्या दुकानातला एक कोट परत आला नाही. विचार बाजारात. आणि हा एवढा मोठा सर्जन, भिंतभर सर्टिफिकिटं लावलेला, माझ्या अंगात उशी शिवून ठेवतो आणि वर सांगतो, ढिली वाटली तर या, घट्ट करू! वाटली तर! हे काय सोफ्याची गादी भरायचं काम आहे? माप नीट घेतलं असतं तर ढिली का झाली असती? मी लोकांचं अल्टर केलं नाही, आणि स्वतःच्या अंगावर अल्टर करून घेऊ?"

मुंगीची आई बघतच राहिली. तिने कायकाय कल्पना केल्या होत्या! त्यांना सुईची भीती असेल, गाठ परत आल्याची भीती असेल, निदान लाज तरी असेल. तिने तर मनातल्या मनात त्यांची थोडी कीवही करून घेतली होती. आणि निघालं काय, तर दुकानाची पाटी.

"आणि म्हणून मुंगीच्या नावावर खपवता?"

"तिला काय कळतंय?"

"तिला एवढं कळलंय की पाणी प्यायलं की आजी ओरडते. म्हणून ती पीतच नाही. परवा चड्डी कोरडी असून मला विचारते, आई, मी केली का? तिला स्वतःच्या अंगाचा भरवसा राहिलेला नाही, बाबा. तो तुम्ही काढून घेतलात. तुमचा कोट परत येऊ नये म्हणून."

 मास्तर कोटाची बाही उलटी-सुलटी करत राहिले. तिचं लक्ष त्या लांब, सैल, पांढऱ्या टाक्यांकडे गेलं. काळ्या कापडावर ते ठळक दिसत होते.

"हे काय घालताय?"

"डोळे नाहीत का तुला? कच्चे टाके."

"एकदम पक्की शिलाई का नाही मारत?"

"ट्रायल नको?" विषय बदलला म्हणून त्यांना हायसं वाटलं असावं, कारण आवाज लगेच दुकानातला झाला. "टेपने माप मिळतं ते उभ्या माणसाचं. माणूस बसतो, वाकतो, हात वर करतो. ते टेपला दिसत नाही. अंगावर चढवून बघावंच लागतं. मग कुठे सोडायचं, कुठे आवळायचं..."

वाक्य तिथेच लोंबकळलं.

"आणि गिऱ्हाईक ट्रायलला आलंच नाही तर?" तिने विचारलं. "कच्च्या टाक्यांचाच कोट घालून गावभर हिंडलं, आणि वर म्हणालं, शिंपी वाईट?"

मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"मूर्ख म्हणेन," शेवटी ते पुटपुटले.

"मी नाही हो म्हटलं. तुम्हीच म्हणालात." ती दाराकडे वळली. "सत्काराच्या आधी जाऊ. मी येते बरोबर. आणि मुंगीला तुम्ही सांगायचं. ज्यांच्यासमोर तिचं नाव घेतलंत, त्यांच्यासमोर."

"ते नाही जमायचं."

"मग मांडीही नाही."

दवाखान्यात बाकांवर पुरुष ओळीने बसले होते. जवळजवळ सगळ्यांच्या अंगात काळी पँट आणि मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. कोणी वाचत नव्हतं. सगळ्यांचाच हर्निया, मुंगीच्या आईच्या मनात आलं. आणि घरोघरी त्यांच्या वाटचं कोण ओरडा खात असेल?

"काय मास्तर, कोरडे आहात?" सर्जनने विचारलं.

"बऱ्यापैकी."

"खोकताना?"

"अगदी किंचित."

"सोफा बदलावा लागेल," मुंगीची आई म्हणाली.

सर्जन हसला. मास्तर हसले नाहीत, आणि हसणं त्यांना परवडणारंही नव्हतं. पडदा ओढला गेला. पलीकडून आवाज आला, "आता जरा टोचेल हं." मग मास्तरांचा, दात आवळलेला: "बटण लावलंत, पण काज कुठे दिसत नाही." सर्जनला विनोद कळला नाही. मग उठा, बसा, खोका, परत खोका. चहा गार व्हायच्या आत सगळं संपलं होतं. इतके दिवस एक पोर तहानलेलं राहिलं, ते एवढ्याशा कामासाठी.

"बरंच थांबलंय," सर्जन बाहेर येत म्हणाला. "महिन्याभराने परत बघू. लागलं तर आणखी थोडं भरू."

मास्तर पट्टा आवळत काउंटरवर गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई, दुसऱ्या ट्रायलची तारीख द्या."

एक शब्द बदलला, की हा माणूस ताठ मानेने चालायला लागला! मुंगीला रोज दहा वेळा "शू आली तर सांग" म्हटलं जायचं, तेव्हा कोणी तिच्या मानासाठी नवा शब्द शोधायला बसलं नव्हतं.

सत्कारात मास्तर एकटेच बसले. संयोजकाने माइकवरून "नात कुठे आहे?" असं विचारलं, तेव्हा मुंगी मागच्या रांगेत आईशेजारी, स्वतःच्या खुर्चीत पाय हलवत होती. मास्तर उठले, फुलं घेतली, वाकून नमस्कार केला. काही झालं नाही. कोट मात्र अप्रतिम बसला होता, हे शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं.

घरी सगळे चहाला जमले. आत्या, जावई, नवरा, सासूबाई. मास्तर सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, हातात फुलं, गळ्यापर्यंत खूश. जावयाने संयोजकाची नक्कल केली. मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी पोटातून हसले. ठसका लागला. ते फुलं ठेवायला उठले.

डाग पडला होता. अगदी लहान, कोटाच्या बटणाएवढा. पण सासूबाईंची नजर घारीची.

"मुंगे!"

मुंगी दारात होती. तिथेच थिजली. हातातली बाहुली तिने हळूच खाली ठेवली, आता मोरीत जायचंच असल्यासारखी.

 मुंगीची आई फक्त मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांनी सवयीने वर्तमानपत्र उचललं. पोटापर्यंत नेलं. मग चिडून टेबलावर आपटलं.

"तिच्यावर काय ओरडतेस? माझं आहे ते."

"काय बाबा?" आत्याने विचारलं.

"शू! माझी! आजचीही आणि मागचीही. हर्निया-बिर्निया काही नव्हता." रागाने त्यांचे कान लाल झाले होते, जणू हे सगळं दुसऱ्याच कोणीतरी केलं होतं. "मुंगीने एकदाही केली नाही. झालं समाधान?"

"अहो!" सासूबाई किंचाळल्या.

जावई छताचा रंग बघायला लागला. नवऱ्याला एकाएकी कोणाला तरी फोन करायचा आठवला. आत्याची उपदेशाची पिशवी पहिल्यांदाच रिकामी निघाली.

मुंगी चालत आली. सोफ्याला वळसा न घालता, सरळ. वाकून तिने डाग नीट पाहिला, मग आजोबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजोबा, शू आली की आधी सांगायचं असतं."

"हं."

"एवढे घोडे झालात!"

कोणी हसलं नाही. हसायचा अधिकार तिथे फक्त एकीला होता आणि ती गंभीर होती.

आता मास्तरांनी माफी मागितली आणि सुनेने पोटात घातलं, असं कोणी समजू नये. मास्तरांनी माफी मागितली नाही, आणि सुनेच्या पोटात तेवढी जागा नव्हती. ती फक्त म्हणाली, "कव्हर काढा बाबा. तुम्हीच शिवलंय. मी बरेच दिवस धुतलं."

मास्तर सत्काराच्या कोटातच खाली वाकले आणि कव्हरचे बंद सोडायला लागले.

"आई," मुंगी म्हणाली, "पाणी."

तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि न थांबता प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं, फ्रॉकचा गळा भिजला. तिने भिजलेल्या गळ्याकडे पाहिलं, मग घाबरून आईकडे.

"भिजू दे," आई म्हणाली. "आणखी हवंय?"